केसरबाईंच्या दिवशी बी. बी. किंग कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. फोंड्यातले शेजारी, गाण्यातली माणसं, घरचे पाहुणे, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: १६ सप्टेंबर ही शास्त्रीय गायिका केसरबाई केरकरांची पुण्यतिथी, मग त्या दिवशी तुमच्याकडे त्यांची गाणी ऐकताना मधेच गिटार कशी वाजते? इटालियन गाणारी ती बाई कोण?

ती ऑपेरा गायिका मारिया कॅलास. १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाई गेल्या आणि त्याच दिवशी पॅरिसमध्ये कॅलास गेली. केसरबाई पंच्याऐंशी वर्षांच्या होत्या, ती त्रेपन्न. त्याच दिवशी पहाटे लंडनमध्ये मोटार झाडावर आदळून टी. रेक्स या रॉक बँडचा गायक मार्क बोलन गेला, तिशी गाठायला दोन आठवडे असताना. आणि हीच तारीख दोघांच्या जन्माची: १९१६ मध्ये मदुराईत कर्नाटक संगीताच्या गायिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी, १९२५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपीत ब्लूज गाणारा गिटारवादक बी. बी. किंग.

हा निव्वळ योगायोग आहे, हे मलाही मान्य. ग्रहताऱ्यांशी त्याचा संबंध मी लावत नाही. पण तारखेच्या निमित्ताने ही माणसं शेजारी बसली की जे ऐकू येतं, ते एरवी ऐकू येत नाही.

सुब्बुलक्ष्मींचंच घ्या. त्यांचं सुप्रभातम् गोव्यात कितीतरी घरांत पहाटे लागतं. त्यांची आई षण्मुखवडिवू वीणा वाजवायची, देवदासी परंपरेतली. केसरबाई आपल्या केरीच्या, कलावंत समाजातल्या. देवळाच्या सेवेत पिढ्यान् पिढ्या गाणं सांभाळलेली ही घराणी, आणि त्यांच्या वाट्याला समाजाने काय दिलं ते फोंडा महालात कुणाला सांगायला नको. त्यातून केसरबाईंनी जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांची कठोर तालीम घेतली आणि १९६९ मध्ये पद्मभूषण मिळवलं. सुब्बुलक्ष्मी १९६६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात गायल्या आणि १९९८ मध्ये भारतरत्न मिळवणाऱ्या पहिल्या संगीतकार ठरल्या. किंगचं लहानपण कापसाच्या मळ्यात राबण्यात गेलं. त्या तिघांना एकापाठोपाठ ऐकताना मला फार अभिमान वाटतो, आणि रागही येतो.

किंगबद्दल आणखी थोडं. तो गाताना गिटार वाजवत नसे. ओळ गायची, थांबायचं, मग ल्युसिलने (हे त्याच्या गिटारीचं नाव) उत्तर द्यायचं. एकच सूर, तार बोटाने ओढून, थरथरवत ठेवलेला. केसरबाईंचा तो भरदार, दमसासाचा 'आ'कार ऐकून झाल्यावर हे ऐकलं की सुराला धरून राहणं म्हणजे काय ते दोन्हीकडून कळतं.

आणि एक गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. बाई जाण्याच्या अकरा दिवस आधी, ५ सप्टेंबर १९७७ ला, व्हॉयेजर १ हे अंतराळयान निघालं. परग्रहावर कुणी असलंच तर त्यांच्यासाठी पृथ्वीवरचे आवाज भरून त्यावर ठेवलेल्या सोनेरी तबकडीत बाईंची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. तबकडीत संगीताचे २७ तुकडे आहेत आणि भारतातला तो एकच. कर्नाटक संगीताला जागा मिळाली नाही, याची मला आजही हळहळ वाटते. पण त्याच तबकडीत मोत्सार्टच्या ऑपेरातलं गाणं आहे, ब्लाइंड विली जॉन्सनचा ब्लूज आहे, चक बेरीचं रॉक अँड रोल आहे. कॅलास त्यात नाही, किंग नाही, बोलनही नाही; त्यांची गाणी ज्या मुळांतून आली ती मात्र बाईंच्या शेजारीच आहेत. यान आता पृथ्वीपासून सुमारे अडीच हजार कोटी किलोमीटरवर आहे. तिथे ही संगत चालते, तर फोंड्यात का चालू नये?

कधी गणेशचवथीचे दिवस असतात, बाहेर घुमट (आमच्याकडचं मातीचं तालवाद्य) वाजत असतात, तेव्हा सगळं ऐकून होत नाही. बोलनला मी एकच गाणं देते. त्याच्या गाण्यात ठेका आणि उत्साह भरपूर आहे, पण इतरांची खोली मला त्यात सापडत नाही. बाईंची भैरवी शेवटी, कारण मैफलीत भैरवीनंतर कुणी गात नाही.

ज्यांना फक्त बाईच ऐकायच्या असतील त्यांनी १३ जुलैला यावं. ती त्यांची जयंती. त्या दिवशी आमच्याकडे दुसरं कुणीही लागत नाही.