पडलेलं दान परत नाही : आरपीजी लॉग, महिना चौथा

स्पॉयलर आहेत, आधीच सांगून ठेवतो. गेम बहुतेक जुन्या आहेत, पण कुणाच्या तरी अजून राहिल्या असतील.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी पार्श्वभूमी. गणपतीत मामाकडे गेलो होतो. मामेभाऊ फायनल फँटसी सिक्सचा कट्टर भक्त, मी प्लेनस्केप टॉरमेंटवाला. सर्वांत भारी आरपीजी (एखादं पात्र होऊन खेळायची कथा-गेम) कोणती, यावर आरती होऊन प्रसाद वाटून झाला तरी आमचं चालूच. शेवटी तो म्हणाला, "दादा, तू प्रत्येक डायलॉगआधी क्विकसेव्ह मारतोस. मनासारखं झालं नाही की लोड, परत तिथूनच. तुझ्यासाठी सगळ्या गेम्स सारख्याच की रे, सगळीकडे तू पास!"

झोंबलं, कारण खरं होतं.

तेव्हापासूनचा नियम : सेव्ह करायचं ते उठताना. मेलो तर नाइलाज, मागच्या सेव्हवरून सुरुवात. पण बोलणं फिसकटलं, चोरी पकडली गेली, कुणी जिवाला मुकलं, तर ते तसंच पुढे न्यायचं. सारीपाटात पडलेलं दान उचलून परत टाकतात का? बघायचं एवढंच, की आपण हरलो की गेम काय करते.

मॉरोविंड (२००२), साधारण ३५ तास. माझा लॅपटॉप म्हातारा आहे, त्यामुळे ओपनएमडब्ल्यू या मुक्त इंजिनवर चालवली. सुंदर चालते. पण पहिले काही तास ही गेम तुम्हाला पाण्यात बघते. समोर खेकडा, हातात तलवार, तलवार खेकड्याच्या आरपार जाताना दिसते आणि लागत मात्र नाही, कारण आत फासे पडतायत. त्यात पळालं की दम कमी होतो, आणि दम कमी असला की वार लागायची शक्यता घटते. हे गेम ओरडून सांगत नाही. खाली तो हिरवा पट्टा असतो, तो बघायचा. मी कॉलेजात असताना ही गेम "बकवास कॉम्बॅट" म्हणून सोडली होती. आता कळलं की मी अख्खी गेम धावत खेळत होतो.

पहिलंच मोठं काम म्हणजे आर्कन्गथँड नावाच्या अवशेषांतून ड्वेमर या लुप्त जमातीची कोडं-पेटी आणणं. नकाशावर बाण नाही, खूण नाही. सांगणारा तोंडी पत्ता सांगतो : गावाबाहेर पड, किल्ल्यावरून जा, तो जुना पूल ओलांड. आपल्याकडे खेडेगावात पत्ता सांगतात तसंच, "वडापाशी विचारा". अवशेषांचं दार उघडायला बाहेरच एक दांडा फिरवावा लागतो, तो सापडेपर्यंत मी दोनदा त्याच्या पुढून गेलो. आत दरोडेखोरांनी मारलं. सेव्ह बालमोरा गावातलं, दीड तास पाण्यात. दुसऱ्या खेपेला सगळं धुंडाळून हात हलवत बाहेर आलो, परत आत गेलो, तेव्हा पेटी दिसली. एका साध्या फळीवर ठेवलेली! चमक नाही, काही नाही. शिव्या दिल्या, पण तो क्षण मी विसरणार नाही.

शिवाय इथे कथेतला मुख्य माणूस मारलात तरी गेम थांबवत नाही. भविष्यवाणीचा धागा तुटला, वाटल्यास जुना सेव्ह लोड कर, नाहीतर या शापित जगात राहा, एवढं बजावते आणि खेळू देते. गेम्समध्ये एवढा मोठेपणा क्वचितच दिसतो.

बाल्डर्स गेट थ्री (२०२३), पहिला अंक पूर्ण, दुसरा चालू. मशीन मित्राचं, त्यामुळे फक्त शनिवार-रविवार. इथे फासा लपवलेलाच नाही, वीस बाजूंचा भलामोठा फासा पडद्यावर घरंगळतो. अराबेला नावाच्या पोरीने ड्रूइडांची (निसर्गपूजक पुरोहितांची) मूर्ती चोरलेली असते, आणि त्यांची म्होरकी कागा तिच्यावर साप सोडून बसलेली असते. मी समजूत काढायला गेलो. दान पडलं चार. पोर पळायला गेली आणि सापाने डंख मारला. एरवी याच क्षणी माझं बोट आपोआप लोडवर गेलं असतं. या वेळी उठलो, पाणी प्यायलो आणि बाहेर उभ्या तिच्या आईबापांना सांगायला गेलो. गेली दोन वर्षं मी ही गेम तीनदा "संपवली" आहे, आणि हे दृश्य मला माहीतच नव्हतं. आधीच्या खेळांत हीच पोर दुसऱ्या अंकात परत भेटली होती. या वेळी तिथे कुणी नाही.

एक तक्रार. इन्स्पिरेशन नावाचे गुण वापरून दान परत टाकता येतं, ते गुण चारपर्यंत साठवता येतात, आणि पुढे पुढे ते इतके मिळत राहतात की हरणं अवघड होतं. माझ्या नियमात ते बसतं का? मी वापरतोय. मामेभावाच्या मते ही पळवाट आहे.

विचर थ्री (२०१५). यावर फार वेळ घालवला नाही. बोलण्यात फासेच नाहीत, आणि निवडीचं फळ इतक्या उशिरा मिळतं की रीलोडचा मोह होत नाही. झाडातल्या आत्म्याला सोडलं, दलदलीतली पोरं वाचली म्हणून खूश झालो, आणि पुढे त्याच निवडीमुळे तिथला सत्ताधीश बॅरन त्याच्याच आवारात फासावर लटकलेला दिसला. हे सगळ्यांनाच माहीत आहे. उत्तमच गेम, पण माझ्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नाही.

प्लेनस्केप टॉरमेंट (१९९९). हा भाग लिहायचं मी आठवडाभर टाळत होतो.

माझी लाडकी गेम. शवागारात जाग येते, अंगभर व्रण, आठवण शून्य, शेजारी तोंडाळ कवटी. मरण येतं आणि परत उठता येतं, म्हणजे माझ्या नियमाला हिच्याइतकी योग्य गेम नाही, असं मी छातीठोक सांगत होतो. दरवेळी मी शहाणपण आणि बुद्धी वाढवूनच खेळायचो, सगळे तेच सांगतात. या वेळी मुद्दाम २१ गुण ताकद, चपळाई आणि दमात ओतले. शहाणपण मुळातले नऊच्या नऊ.

गेम मुकी झाली. इथे बोलण्यात फासे पडत नाहीत. अंगात तेवढं शहाणपण असेल तर ती ओळ दिसते, नसेल तर दिसतच नाही. म्हणजे मी कुठे हरलो हेही कळत नाही. साथीदार डॅकॉनच्या वर्तुळाचा (त्याच्या धर्मग्रंथाचा) अर्थ उलगडेना, तो माझ्याकडे बघत गप्प. मला आतल्या ओळी पाठ आहेत म्हणून काय गेलं ते जाणवलं. नवीन खेळणाऱ्याला वाटेल, बरी गेम आहे, मारामारी तेवढी भिकार आहे. त्याचंही काही चुकणार नाही. माझ्या यादीतला वीस वर्षांचा पहिला नंबर असा बसल्या जागी घसरला.

डिस्को इलिसियम (२०१९), पूर्ण. टॉरमेंटचं सगळं ऋण मान्य करून ही गेम नेमकी तिथेच उपाय करते. दोन फासे, कौशल्याची भर, दोन्ही एक पडले की हार नक्की, दोन्ही सहा पडले की जीत नक्की. पांढरी चाचणी पुन्हा देता येते, लाल एकदाच. आणि हरलात तर त्या हरण्यासाठी लेखकांनी बसून स्वतंत्र प्रसंग लिहिलाय. खानावळीत १३० रेआल थकलेत, मॅनेजर मागतोय, म्हणून मी पळायचं ठरवलं. दान फसलं. माझा डिटेक्टिव्ह ऐटीत उलटा वळून, दोन्ही हातांची बोटं दाखवत उडी मारतो आणि थेट चाकाच्या खुर्चीतल्या म्हातारीवर आदळतो. मी एकटाच खोलीत मोठ्याने हसलो. जिंकलो असतो तर नुसता दारातून बाहेर पडलो असतो.

(पंख्यावरचा टाय काढताना मेलो. तब्येत एकवर ठेवली होती, माझीच हौस.)

हे सगळं मामेभावाला फोनवर ऐकवलं. म्हटलं, बघ, डिस्को पहिली, मॉरोविंड दुसरी, तुझी फायनल फँटसी या कसोटीला उतरूच शकत नाही, ती ठरलेल्या रुळावरून जाणारी गेम. तो शांतपणे म्हणाला, "दादा, सिदला मासे घातलेस का कधी नीट?"

म्हणून परवा फायनल फँटसी सिक्सची पिक्सेल रीमास्टर ही नवी आवृत्ती लावली. मूळ गेम १९९४ची. जग उद्ध्वस्त झालंय, नायिका सेलेस वर्षभराने एका बेटावर शुद्धीवर येते, म्हातारा सिद आजारी, भुकेला. किनाऱ्यावर जाऊन मासे पकडायचे. चपळ मासा चांगला, रेंगाळणारा मासा खराब, पण हे कुणी सांगत नाही. मला हाताला लागेल तो मासा बरा वाटला. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर घरात आलो तर सिद बोलेना.

मग सेलेस कड्यावर जाते. पुढचं मी लिहीत नाही. एवढंच सांगतो, की ती वाचते, एका पक्ष्याच्या अंगावर ओळखीचा रुमाल दिसतो, आणि झोपडीत परतल्यावर सिदची चिठ्ठी सापडते. सिद जगला असता तर त्याने तराफा दाखवून निरोप दिला असता, झालं. इथेही हरणाऱ्यासाठी कुणीतरी बसून लिहून ठेवलंय, आणि जिंकणाऱ्याच्या वाट्यापेक्षा सरस.

मामेभावाला अजून कळवलेलं नाही. तराफ्यावर बसून सेव्ह केलंय. पुढच्या महिन्यात फॉलआउट (१९९७) : पाण्याच्या चिपसाठी १५० दिवस, आणि घड्याळ मागे फिरवायचं नाही.