बोटं नाही हो, गिटारच अवघड होती

माझी गिटार दोन वर्षं कपाटावर धूळ खात पडली होती आणि कारण एकच, एफ कॉर्ड, म्हणजे पहिल्या बोटाने सगळ्या तारा एकदम दाबून वाजवायची ती सुरांची जोडणी. सगळे सांगायचे, बोटं दुखणारच, घट्टे पडू देत, प्रॅक्टिस कर. केली ना बाबा. घट्टे पडले, पण कॉर्डमधून आवाज नुसता थड् थड्. शेवटी मीच ठरवून टाकलं की आपली बोटं आखूड, हे आपलं काम नव्हे.

मग भाचीला गिटार हवी झाली म्हणून तारा बदलायला एका दुरुस्तीवाल्या काकांकडे घेऊन गेलो. त्यांनी वाजवून बघितलंच नाही, बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) स्टीलची छोटी मोजपट्टी उभी धरली आणि म्हणाले, "साडेतीन मिलीमीटर. अहो, ह्याच्यावर मी पण नाही वाजवणार."

तार फ्रेटपासून किती वर आहे त्याला अ‍ॅक्शन म्हणतात. बाराव्या फ्रेटला जाड तारेखाली अडीच आणि बारीक तारेखाली दोन मिमीच्या आसपास असली की हात सुखावतो. माझ्या गिटारची मान पुढे झुकलेली, ती त्यांनी ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली धातूची सळई, फिरवून सरळ केली आणि मग सॅडल, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा टेकतात ती छोटी पट्टी, काढून पॉलिश पेपरवर घासत बसले. घासायचं, लावायचं, पट्टी धरायची, परत काढायचं. बारावा फ्रेट तारेच्या बरोब्बर मध्यावर असतो, त्यामुळे तिथे अर्धा मिमी कमी करायला सॅडल एक मिमी घासावं लागतं. जास्त घासलं तर तारा खरखरणार, म्हणून हे घरी करू नका प्लीज.

घरी करण्यासारखी टेस्ट वेगळीच आहे. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि तीच एफ कॉर्ड वाजवा. एकदम सोपं वाटलं तर वरचा नट (मानेच्या टोकाची, तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी) उंच आहे, तुमचा दोष नाही. नट नीट करून घेईपर्यंत जुगाड म्हणजे सगळ्या तारा अर्धा स्वर खाली ट्यून करायच्या आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो ठेवायचा, सूर मूळचाच राहतो आणि तारांचा ताण साधारण ११ टक्के कमी होतो. तारा पण बारीक घ्या, बऱ्याच अकूस्टिकवर १२ चा सेट असतो (सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंच जाड), दुकानात १० चा मागा. आवाज जरा पातळ येतो, येऊ दे की.

कॉर्डचं म्हणाल तर भाचीला मी ए मायनर आणि सी पासून सुरू केलं, कारण दोन्हीत दोन बोटं जागची हलतच नाहीत, फक्त अनामिका उचलून ए तारेवर, म्हणजे जाडीत दुसऱ्या नंबरच्या तारेवर, तिसऱ्या फ्रेटला ठेवायची. बोट फ्रेटच्या पट्टीला अगदी खेटून, मधोमध नाही, बराच जोर वाचतो. आणि सी धरलेला असताना अनामिका आणि मधलं बोट बारीक तारांकडे एकेक तार सरकवली की झाला एफ मेजर सेव्हन, फक्त बारीक चार तारा छेडायच्या. बऱ्याच गाण्यांत एफच्या जागी बिनधास्त खपतो, कोणी विचारत नाही.

भाची आठवड्याभरात सी वरून ए मायनरवर जायला लागली. मला अजून खरा एफ पावसाळ्यात जडच जातो, लाकूड ओल धरून फुगतं आणि अ‍ॅक्शन परत वर येते, निदान मी तरी तिला हेच कारण सांगतो.