पोतं, पाकीट आणि आमचं दुकान

वडिलांनी, म्हणजे दादांनी, 1974 ला कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत किराणा दुकान टाकलं, तेव्हा पगार झाला की माणूस आधी आमच्याकडं यायचा. शाहू मिलचे कामगार, उद्यमनगरातले टर्नर-फिटर, शाळामास्तर. यादीत ज्वारी-गहू-तांदूळ वर, साबण तळाला. दादा पोकळ सळई पोत्यात खुपसून दाणे तळहातावर घ्यायचे, एखादा दाताखाली फोडायचे, मगच भाव बोलायचे. ती सळई अजून गल्ल्यामागं टांगलेली आहे. मुलगा म्हणतो, काढा आता. मी आहे तोवर निघत नाही.

मग मॉल आला. नाव घेत नाही. आम्हाला साखर ज्या भावात पडायची, त्याच्याखाली त्यांनी विकायला मांडली. वर्षानुवर्षांची गिऱ्हाईकं भरलेल्या पिशव्या घेऊन आमच्याच दारावरून जायची, वर हसून म्हणायची, "मागचं पुढच्या महिन्यात बघू." रोख तिकडं, उधारी इकडं! ठोक व्यापाऱ्यांनी हात आखडला, बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या, दोन नोकरांना घरी पाठवावं लागलं.

तगलो ते मंगळवार पेठेतल्या एका काकूंमुळं. उन्हाळा लागला की त्या चटणीचं साहित्य न्यायला यायच्या. ब्याडगी मिरची रंगाला, संकेश्वरी तिखटाला. धने, तीळ, खोबरं समोर तोलून. त्या वर्षी सगळी गल्लीच घेऊन आल्या. तेव्हापासून साहित्य देतो, डंकावर कुटूनही देतो. आज निम्मा धंदा त्यावर आहे.

धान्य मात्र गेलं ते गेलंच. सरकारी पाहणीत खेड्यातल्या घरखर्चात धान्याचा वाटा 1999-2000 मध्ये 22 टक्क्यांच्या आसपास होता, 2022-23 ला 5 च्याही आत. शहरात त्याच वर्षी शंभरातले 39 रुपये खाण्यावर गेले, त्यातले दहाच्या वर तयार खाणं आणि पेयांवर. आमच्या फळीवर हे आधीच दिसत होतं: पोती मागं सरकली, पाकिटं पुढं आली.

विचारलं नाहीत तरी सांगतो. मिरची भडक रंगावर घेऊ नका. मुठीत दाबा, कडकडून मोडली पाहिजे. वाकली तर ओली, पाण्याचे पैसे मोजताय.

मॉल बंद पडला. तिथं आता मोबाईलचं शोरूम आहे. आमच्या उधारीच्या वहीतले बरेचजण तिथं हप्त्यानं फोन घेतात आणि त्या हप्त्याची तारीख कधी चुकवत नाहीत.