रिओत सांबा नाचायचाय? आधी सीपीएफचं बघा

रिओ दि जानेरोत नोकरीनिमित्त राहत असाल आणि कार्निव्हलला सांबा स्कूलमधून, म्हणजे मिरवणुकीत उतरणाऱ्या वस्तीतल्या मंडळातून, नाचायचं मनात असेल, तर सगळ्यात आधी सीपीएफ काढा. सीपीएफ म्हणजे आपल्या पॅनसारखा क्रमांक. पैसे भरून पर्यटकांच्या तुकडीतही नाचता येतं, पण मला वस्तीतल्या लोकांच्या तुकडीत जायचं होतं. तिथे पोशाख फुकट मिळतो, सरावाला मात्र नियमित हजेरी लागते. नावनोंदणीला सीपीएफ मागितला आणि मी अडकले.

सीपीएफच्या अर्जात आईचं पूर्ण नाव लागतं. माझ्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर ते आडनावासकट आहे. जन्मदाखल्यावर नुसतंच नाव, कारण आमच्या नगरपालिकेत तेव्हा तसंच लिहायचे. खिडकीवरच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, दोन्ही नावांखालून नख फिरवलं आणि अर्ज परत सरकवला. नावं जुळत नाहीत म्हणे! आई एकच आहे हो, हे मी मोडक्या पोर्तुगीजमध्ये परोपरीने सांगितलं. मग म्हणाल्या, भारतातून दाखल्यावर अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा खरेपणाचा शिक्का, आणा आणि सरकारमान्य अनुवादकाकडून भाषांतर करून घ्या. मराठीचा असा अनुवादक मला रिओत मिळाला नाही. परत गेले की नवा माणूस, नवी शंका. इकडे सराव सुरू झालेले. सुर्दो या मोठ्या ढोलाचा ठोका छातीत घुमायचा आणि मी कठड्याबाहेर उभी. अक्षरशः रडू यायचं.

शेवटी दुसऱ्या एका कार्यालयात गेले. तिथल्या माणसाने फक्त पासपोर्ट मागितला, शेवटचं पान पाहिलं आणि तिथल्या तिथे क्रमांक दिला. जन्मदाखला लागतच नाही म्हणाला! ती चीड अजून जात नाही. म्हणून सांगते, मागितल्याशिवाय दाखला पिशवीतून काढूच नका. मुंबईत ब्राझीलचा वाणिज्य दूतावास आहे, निघण्याआधी तिथेच चौकशी केलीत तर उत्तम.

पुढचं सगळं सुरळीत झालं. पावलं जमतात, गुडघे सैल ठेवा, दोन ठोक्यांत तीनदा वजन बदला. गाणं मात्र तोंडपाठ हवं, कारण तुकडीसोबत चालणारी माणसं ओठांकडे बघतात. घड्याळ घालू नका. बायानांच्या, म्हणजे बाहिया प्रांतातल्या बायकांसारखा वेश करणाऱ्यांच्या, तुकडीतल्या आज्या घेरदार झग्यात गिरक्या घेतात, ते सरावातच डोळे भरून बघून घ्या, मिरवणुकीत बघायला मिळत नाही. बाहियाहून आलेल्या तिया सियातासारख्या कृष्णवर्णीय बायकांनी सांबा आपल्या घराअंगणात जपला, पोलीस तो दडपत होते तेव्हासुद्धा. त्यांच्या मानासाठी ही तुकडी प्रत्येक स्कूलला ठेवावीच लागते.

मिरवणूक जाते त्या सांबाद्रोमचा रस्ता जेमतेम 700 मीटरचा, वास्तुविशारद ऑस्कर निमायरने आखलेला, 1984 पासूनचा. मी तो पूर्ण गात, नाचत पार केला, याचा मला फार अभिमान आहे.

आणि हो, पोशाखाबरोबरचे बूट हातात पडल्या दिवशीच घालून बघा, म्हणजे बदलून मिळतात.