दुसऱ्याच्या हातातला खेळ

शनिवार, रात्री उशिरा

आज परत विलिस गिब्सनचा तो व्हिडिओ लावून बसले. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात स्टिलवॉटर नावाचं गाव आहे, तिथला हा मुलगा. खेळणारे त्याला ‘ब्लू स्कुटी’ म्हणतात. २१ डिसेंबर २०२३ रोजी, वयाच्या १३व्या वर्षी, त्याने निन्टेंडोचं १९८९ सालचं जुनं टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे तुकडे रचत जायचा व्हिडिओ गेम, इतकं लांब नेलं की शेवटी गेमच गोठून बंद पडला. लेव्हल १५७. तोवर गेमला असं बंद पाडणं फक्त संगणकाच्या प्रोग्रॅमला जमलं होतं, माणसाला नाही.

शेवट मला पाठ आहे, तरी बघताना हात घट्ट आवळले जातात. लेव्हल १४८ला रंगांची गडबड होते आणि तुकडे काळ्या पडद्यावर जवळजवळ काळेच दिसतात. जुन्या गेमच्या मेमरीतला हा दोष आहे. एवढ्या पुढे कोणी येईल असं बनवणाऱ्यांच्या मनातही नसणार. न दिसणारे तुकडे तो त्या वेगात लावत जातो, तिथे मी दर वेळी पाय वर घेऊन बसते. १५५ला गेम गोठवायची पहिली संधी येते, ती हुकते. मग १५७. पडदा थांबतो, तो खुर्चीत मागे रेलतो आणि म्हणतो, बोटं जाणवतच नाहीयेत.

त्याचे वडील त्याच महिन्यात वारले होते. हा विक्रम त्याने त्यांना अर्पण केला.

बातमी जगभर गेली तेव्हा ब्रिटनमधल्या एका वृत्तवाहिनीच्या निवेदिकेने त्याला उद्देशून सांगितलं की बाहेर जा, मोकळी हवा घे, टेट्रिस जिंकणं हे काही आयुष्याचं ध्येय नव्हे. मला आजही त्या वाक्याचा राग येतो. मुलाने काय केलं हे समजून घ्यायला पाच मिनिटं बसून बघावं लागतं. ती बसली असती तर असं बोललीच नसती, असं मला खरंच वाटतं.

रविवार

आई दुपारी म्हणाली, “काल रात्रभर दुसऱ्याचा खेळ बघत होतीस?” हो म्हटलं. तिने पुढे काही विचारलं नाही, पण माझं डोकं त्यावरच चालू राहिलं.

डोंबिवलीत स्टेशनजवळच्या गल्लीत व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. अंधारी खोली, भिंतीला लागून यंत्रं, गल्ल्यावर बसलेला मालक आणि रुपयाला एक कॉइन. दादाला खाऊला पैसे मिळाले की तो तिकडे पळायचा आणि मी त्याच्या मागे. आम्ही ज्याला ‘मुस्तफा’ म्हणायचो त्या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, हे मला फार उशिरा कळलं. त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्याचं नाव मुस्तफा, म्हणून अख्खा गेमच मुस्तफा.

एका यंत्रावर एक-दोघं खेळत आणि मागे सात-आठ जण उभे. खिशात पैसे नसलेले, संपलेले, नंबर लावून थांबलेले. मुलींपैकी बहुतेक वेळा मी एकटीच. कॉइन मागायचंही मला सुचायचं नाही. दादाच्या खांद्यावरून बघण्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. दादाला त्या वेळी समोरचा गुंडच फक्त दिसत असायचा. मागून कोण येतंय, खाण्याचं कुठे पडलंय, लाइफ किती उरलीय, हे मला दिसायचं. “दादा, मागे!” हे मी दिवसभरात कितीदा ओरडले असेन.

खेळणाऱ्याला खेळ पुरता दिसत नाही. त्याचे डोळे आणि बोटं कामात अडकलेली असतात. मागे उभ्या असलेल्याचे हात मोकळे असतात, म्हणून त्याला सगळा पट दिसतो, आणि खेळणाऱ्याचा चेहराही. स्टेज पार करताना दादा जीभ दातांत धरायचा, हे त्याला स्वतःला माहीत नव्हतं. आज ऑनलाइन खेळणारे पडद्याच्या कोपऱ्यात स्वतःचा चेहरा दाखवतात, तेव्हा मला त्या मागच्या घोळक्यात परत जागा मिळाल्यासारखं वाटतं. बाजूला धावणाऱ्या चॅटमध्ये कोणी ना कोणी लिहीत असतंच, मागे बघ, मागे बघ.

मंगळवार

आईला आज सोबत बसवलंच. २०१८ची टेट्रिसची विश्वस्पर्धा, पोर्टलंडची अंतिम लढत. एकीकडे जोनस न्यूबाउअर, सात वेळचा विजेता. दुसरीकडे जोसेफ सेली, वय १६, पहिल्यांदाच आलेला.

नियम सांगायला दोन मिनिटं लागली. आडवी ओळ भरली की नाहीशी होते. चार ओळी एकदम उडवल्या की सर्वांत जास्त गुण, आणि ते फक्त उभ्या लांब काठीने जमतं. म्हणून एका कडेला खाच मोकळी ठेवायची आणि काठीची वाट बघायची. वर ढीग चढत जातो, काठी येत नाही. आईने हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. थोड्या वेळाने ती टीव्हीवर चिडून म्हणाली, “अगं, त्या मुलाला काठी का देत नाहीत?” मी हसू दाबलं नाही, मोठ्याने हसले. मग दोघी मिळून काठीची वाट बघत बसलो.

सेलीने ३–० ने जिंकली. न्यूबाउअरने त्याचं मनापासून अभिनंदन केलं. आई म्हणाली, “मोठ्या मनाचा आहे हो.” तो जानेवारी २०२१मध्ये, ३९व्या वर्षी गेला, हे मी तिला जेवणं झाल्यावर सांगितलं. ती बराच वेळ त्याच्याबद्दल विचारत होती. लग्न झालं होतं का, घरी कोण कोण होतं. तासाभरापूर्वी तिला त्याचं नाव माहीत नव्हतं.

बुधवार

काल आईला जे नीट सांगता आलं नाही ते लिहून ठेवते.

त्या टेट्रिसमध्ये लेव्हल २९ला वेग एकदम वाढतो. बटण दाबून धरलं तर तुकडा कडेपर्यंत सरकायच्या आत खाली येऊन बसतो. म्हणून वर्षानुवर्षं सगळे धरून चालले होते की २९ला गेम संपतो. थॉर आकरलुंड नावाचा खेळाडू तेवढा ३०ला पोचलेला. बटण दाबून न धरता तो ते थरथरत्या बोटाने पटापट मारायचा. सेलीच्या पिढीने ते तंत्र उचललं आणि पुढे नेलं. मग २०२०–२१च्या सुमारास आणखी एक युक्ती आली: अंगठा बटणावर नुसता टेकवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं कंट्रोलरच्या पाठीवर एकामागून एक वाजवायची, तबल्यावर बोटं फिरवावीत तशी. प्रत्येक बोटाच्या ठोक्याला कंट्रोलरच अंगठ्यावर येऊन आपटतो. गिब्सन असाच खेळतो.

या मुलांना हे कोणी वर्गात बसवून शिकवलं नाही. सेली या खेळाकडे वळला तो २०१६च्या अंतिम लढतीचा व्हिडिओ बघून. गिब्सनलाही हा खेळ भेटला तो व्हिडिओंतूनच, तेव्हा तो ११ वर्षांचा होता. एकाने बघितलं, करून बघितलं, चित्रित केलं. ते दुसऱ्याने बघितलं. ज्या भिंतीला सगळे यंत्राची मर्यादा समजत होते ती बोटांची मर्यादा निघाली, आणि ती सरकली ती या बघण्यातून. नुसतं बघत बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं असं जे म्हणतात, त्यांना मी हाच इतिहास सांगेन.

पण मला खेळाडू व्हायचं नाही, मग मी का बघते? माझ्याकडे लहानपणी हातात मावणारा ब्रिक गेम होता. सेल संपेपर्यंत खेळायचे. ढीग कधी हाताबाहेर जातो, बोट कुठे चुकतं, हे मला ठाऊक आहे. माझी बोटं जिथे थांबली तिथून हा मुलगा पुढे चाललाय, आणि तो किती पुढे गेलाय हे मला नेमकं कळतं. मला यात मिळणारा आनंद हाच आहे. कधीच न खेळलेल्या खेळांचे व्हिडिओही मी बघते, पण तिथे आधी समजावून सांगणारा चांगला समालोचक लागतो.

शुक्रवार

दादाचा फोन होता. पार्लरचा विषय निघाला, तेव्हा त्याला २००४ची ती प्रसिद्ध ‘स्ट्रीट फायटर’ची लढत पाठवली. कॅलिफोर्नियातली ‘एव्हो’ स्पर्धा, जपानचा दाइगो उमेहारा आणि अमेरिकेचा जस्टिन वाँग. दाइगोची लाइफ अगदी केसाएवढी उरलेली. नुसता अडवलेला फटकाही त्याला संपवायला पुरेसा. वाँग १५ फटक्यांचा हल्ला सोडतो, आणि दाइगो प्रत्येक फटका अचूक क्षणी परतवतो आणि उलट मारून जिंकतो. पडद्यापेक्षा मागच्या लोकांचा आवाज ऐक, असं मी दादाला सांगितलं. खरं तर ती स्पर्धा दाइगो जिंकला नाही, अंतिम फेरीत केंजी ओबाताकडून हरला. ते फार थोड्यांच्या लक्षात आहे.

दादाने उलट मेसेज केला, “आपल्या पार्लरमध्ये असाच आवाज व्हायचा.” व्हायचा खरा.

रविवार

मायकेल आर्टियागाचा ऑक्टोबर २०२४चा खेळ आज आईसोबत तुकड्यातुकड्याने बघितला. २०२०ची विश्वस्पर्धा त्याने १३व्या वर्षी जिंकली होती, आणि दुसरा आला होता त्याचाच भाऊ. या खेळासाठी त्याने गोठणार नाही अशी दुरुस्त केलेली आवृत्ती वापरली. लेव्हल २५५ ओलांडली की आकडा पुन्हा शून्यावर येतो, तिथे पोचणारा तो पहिला माणूस.

वाटेत लेव्हल २३५ आहे. एरवी दहा ओळींत लेव्हल बदलते, पण गेममधल्या दोषामुळे इथे ८१० ओळी कराव्या लागतात, सगळ्या एकाच मळकट हिरव्या रंगात. नवीन काही घडत नाही. मी आईला म्हटलं, हा भाग पुढे ढकलूया. ती म्हणाली, “तो बसलाय ना अजून? मग राहू दे.”

राहू दिलं. मध्ये मी चहा टाकून आले, तिने मला किती ओळी झाल्या ते सांगितलं.