लिफ्टनंतर मागचा अॅक्सल का सरकतो : पॅनहार्ड रॉडची मोजमापं

75 मिमीची लिफ्ट (गाडीची बॉडी चाकांपासून तेवढी उंच करणारं किट) बसवून सहा आठवडे झाले. खडकाळ वाटेवर गाडी सुरेख चालते. तक्रार आहे ती डांबरी रस्त्याची. वेग साठच्या वर असताना मागची दोन्ही चाकं एकदम उंचवट्यावरून गेली, की मागची बाजू आडवी सरकते, जागेवर येते आणि पुन्हा एक छोटा हेलकावा देते. शिवाय लांब वळणात स्टिअरिंग जरा मागे सोडावं लागतं, नाहीतर गाडी हवी त्यापेक्षा जास्त आत वळते.

टायरमधली हवा, चाकांचे नट आणि शॉक (झटके शोषणारे अॅब्सॉर्बर) आधीच तपासले होते. शॉकमधून तेल गळत नाही, आणि अॅक्सल पूर्ण लटकवला तरी त्यांची लांबी पुरते.

मग दोन्ही बाजूंना चासीवरून ओळंबा सोडला आणि दोरीपासून रिमच्या कडेपर्यंतचं अंतर मोजलं. दोन्हींत 13 मिमीचा फरक निघाला, म्हणजे अॅक्सल साधारण साडेसहा मिमी एका बाजूला गेला होता. हिशेबही तेच सांगतो. माझी पॅनहार्ड रॉड, म्हणजे अॅक्सलला आडवं सरकू न देणारा, एक टोक चासीला आणि दुसरं अॅक्सलला जोडलेला दांडा, 900 मिमीची. पूर्वी तिच्या दोन टोकांच्या उंचीत 40 मिमीचा फरक होता, आता 115 आहे. रॉडची लांबी तीच राहून उतार वाढला, की अॅक्सलकडचं टोक चासीकडच्या टोकाच्या दिशेनं ओढलं जातं.

म्हणून लांबी बदलता येणारी रॉड आणली आणि अॅक्सल बरोबर मधे आणला. हेलकावा तसाच राहिला!

इथे माझे दोन आठवडे गेले, म्हणून सविस्तर लिहितो. नवी रॉड अॅक्सल मधे आणते, पण रॉडचा उतार तसाच ठेवते, आणि खरा त्रास उताराचा आहे. अॅक्सल 25 मिमी वर उचलला गेला, तर पूर्वी तो जेमतेम 1 मिमी आडवा सरकायचा, आता जवळजवळ 3 मिमी सरकतो. प्रत्येक उंचवट्याला मागून एक आडवा धक्का बसतो तो यामुळेच.

पण त्यानंतरचा छोटा हेलकावा उतारानं समजत नव्हता. गाडी चाकांवर उभी ठेवून मित्राला ती बाजूनं जोरात हलवायला सांगितली आणि मी खाली आडवा होऊन रॉडच्या टोकांकडे बघत राहिलो. चासीकडच्या टोकाला बुशमधली (बोल्टभोवतीच्या रबरी गादीमधली) स्लीव्ह, म्हणजे धातूची नळी, रबरापासून सुटून हलत होती. नवीन बुश सहा आठवडेही टिकला नाही, आणि कारण माझं मलाच सापडलं : बोल्ट मी अॅक्सल लटकत असताना आवळला होता. असा बुश गाडी जमिनीवर आली की आधीच पिळलेला असतो, मग प्रत्येक हालचालीत तो आणखी पिळून फाटतो. बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडीचं वजन चाकांवर असतानाच. नवा बुश तसा बसवला, खालच्या लिंकांचे (अॅक्सलला पुढे-मागे धरून ठेवणाऱ्या दांड्यांचे) बोल्टही सैल करून पुन्हा आवळले. दुसरा हेलकावा पूर्ण गेला. पहिला धक्का अजून आहे.

वळणातली तक्रार वेगळी आहे. लिफ्टमुळे खालच्या लिंका मागे उतरत्या झाल्यात. गाडी झुकली की बाहेरचं चाक वर येऊन किंचित मागे जातं, आतलं खाली जाऊन पुढे येतं, आणि अख्खा अॅक्सल वळणाच्या उलट दिशेला वळतो. याला चासीकडचं टोक खाली आणणारी ब्रॅकेट हवी, पण ती पोटाखालची मोकळी जागा खाते. माझ्यासाठी तो सौदा अजून पटण्यासारखा नाही.

खाली असताना वजनानुसार मागचे ब्रेक कमी-जास्त करणाऱ्या व्हॉल्व्हचा दांडाही बघितला. लिफ्टनंतर त्याला गाडी रिकामीच वाटते, त्यामुळे मागचे ब्रेक कमी लागतात. त्याची ब्रॅकेट तितकीच सरकवली.

पुढचं काम पॅनहार्डचं : अॅक्सलकडचं टोक 60 मिमी वर घेणारी ब्रॅकेट. उतार 55 मिमीवर येईल, आडवी सरक निम्म्याखाली. उंच ब्रॅकेटवर ताण जास्त येतो, म्हणून तिला तिरका आधार वेल्ड करणार आहे. त्याआधी स्प्रिंग काढून अॅक्सल बंप स्टॉपपर्यंत (तो वर जायची हद्द ठरवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत) उचलायचा आणि रॉड कुठे लागत नाही ना ते बघायचं.