सोयेरची चूल बत्तीस पानांत

लातूर जिल्ह्यातल्या दुसरी-तिसरीच्या मुलांसाठी आलेक्सिस सोयेर या फ्रेंच आचाऱ्याचं चित्रचरित्र केलं, त्या कामाचा हा अनुभव.

पानं ३२ ठरली ती छापखान्याच्या हिशेबाने. २३ × ३६ इंची कागदाच्या दोन्ही बाजू धरून साडेआठ × ११ इंचाची १६ पानं बसतात. असे दोन फॉर्म. शीर्षक, श्रेयं वगैरे जाऊन गोष्टीला १४ जोडपानं (समोरासमोरची दोन पानं) उरतात. एवढ्यात जन्म ते मृत्यू कोंबलं की पाठ्यपुस्तकातला धडा तयार होतो. म्हणून १८१० चा जन्म आणि लंडनच्या रिफॉर्म क्लबमधलं गॅसच्या शेगड्यांचं स्वयंपाकघर दोन जोडपानांत उरकलं, डब्लिनला मात्र पाच दिली.

१८४७, आयर्लंडमधला दुष्काळ. सोयेरच्या सूपघरात घंटा वाजली की १०० माणसं आत, सहा मिनिटांत खाऊन बाहेर, की पुढची घंटा. चमचे साखळीने बांधलेले. पंगतीत वाढलेल्या मुलांना ही व्यवस्था झटकन कळते. साखळीवर मात्र प्रश्न येतात, आणि यावेतच. आपल्याकडे घरोघरी ७२ ची सुकडी ऐकलेली असते, त्यामुळे दुष्काळ समजावायला वेगळं पान लागलं नाही. सूप पातळ आहे, त्यात कस नाही, अशी टीका तेव्हाच झाली होती. ती ठेवली. गाळली तर आचाऱ्याचा देव होतो, आणि देवांची पुस्तकं बाजारात भरपूर आहेत.

क्रिमियाच्या युद्धासाठी त्याने केलेली चूल उभा छेद घेऊन दाखवली: खाली बंदिस्त विस्तव, वर मोठं भांडं, धुराला धुराडं. तीन दगडांच्या चुलीची आच वाऱ्यावर जाते. इथे ती भांड्याखालीच कोंडली जाते, म्हणून सरपण कमी लागतं. कच्च्या चित्रात बाण तपासा, धूर हमखास झाकणातून निघालेला असतो. सोयेरला उंच पांढऱ्या टोपीत काढायचा मोहही आवरावा. हा गडी टोपीसुद्धा तिरपी घालायचा.

एका जोडपानावर ४० शब्द पुरे. अक्षर १८ पॉइंट, ओळींचं अंतर २८. कमी केलं तर वरचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. मजकूर सुरुवातीपासून युनिकोडमध्येच टाइप करावा. जुन्या फॉन्टमधून बदलताना रफार आणि ‘ऱ्य’ तुटतात, आणि ‘आचाऱ्याने’ तर इथे पानोपानी आहे.

चित्रं ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), चारी कडांना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापणीच्या रेषेबाहेर वाढवलेलं चित्र. मधल्या घडीपासून १० मिमीपर्यंत चेहरा नको, पिनेत नाक जातं. धुराचा करडा रंग चार शाया मिसळून केला तर छपाईत हिरवट किंवा लालसर मारतो. तो फक्त काळ्या शाईच्या हलक्या टक्क्यांत ठेवावा आणि छपाईआधी त्याच कागदावर प्रूफ मागून घ्यावं.